उपदेश करणारी मासिकं आणि उत्तर देणाऱ्या मुली

स्त्री पुरुषापेक्षा कनिष्ठ आहे यावर आपला पूर्ण विश्वास आहे आणि हे कनिष्ठपण तिने स्वतःच्याच करणीने ओढवून घेतलं आहे, असं इंग्लिश लेखिका शार्लट मेरी यंग यांनी बेधडक लिहून ठेवलं आहे. करणी म्हणजे अर्थातच एदेन बागेतलं ते फळ. 'वुमनकाइंड' ही त्यांची लेखमाला १८७४ पासून 'द मंथली पॅकेट' या मासिकात येऊ लागली, तिच्या आरंभीच हे विधान आहे. मासिकाच्या संपादकही त्याच. आणि वाचक? चर्च ऑफ इंग्लंडच्या घरांतल्या तरुण मुली. ज्यांना कनिष्ठ म्हटलं त्यांच्याच हातात दर महिन्याला हा अंक पडत होता, आणि त्या तो मन लावून वाचत होत्या.

एवढं कळल्यावर 'धार्मिक प्रचार' असा शिक्का मारून मोकळं होणं फार सोपं आहे. बालवाङ्मयावर बोलताना आपल्याकडे हा शिक्का कायम हाताशी असतो. एक बाजू म्हणते, मुलांवर संस्कार करणारं लिहा. दुसरी म्हणते, पुरे झाला उपदेश, मुलांना निखळ आनंद द्या. गंमत अशी की दोन्ही बाजूंच्या मनातलं मूल एकच आहे, आ करून बसलेलं. गोळी कडूच द्यायची की साखरेत घोळवून, एवढाच काय तो वाद. व्हिक्टोरिया राणीच्या काळात अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, मुलामुलींसाठी निघालेल्या मासिकांची गोष्ट पाहिली की हा वाद भलत्याच जागी चालला आहे असं माझं मत बनतं. मासिक धर्म शिकवतं की नाही यावरून त्याची किंमत करू नये. वाचणाऱ्या मुलाला ते काही काम देतं का, आणि त्या मुलाने दिलेलं उत्तर ऐकून घेण्याची त्याची तयारी आहे का, हे पाहावं. या कसोटीला यंगबाईंचं कर्मठ मासिक बरंचसं उतरतं. त्याच चर्चची, त्याच काळातली, चेहऱ्याने अतिशय दयाळू अशी काही मासिकं उतरत नाहीत.

यंगबाईंचा जन्म १८२३ चा, हॅम्पशर परगण्यातल्या ऑटरबोर्न या खेड्यातला. तिथेच त्या १९०१ मध्ये वारल्या. लग्न केलं नाही. वडील वॉटर्लूच्या लढाईत लढून आलेले. त्यांनी मुलीला घरीच शिकवलं आणि चांगलं दामटून शिकवलं. सातव्या वर्षी ही मुलगी गावच्या रविवारच्या शाळेत इतर मुलांना शिकवायला लागली, ती जवळजवळ शेवटपर्यंत शिकवत राहिली. शेजारच्या हर्स्ली गावात १८३६ मध्ये जॉन कीबल हे व्हिकार म्हणून आले. गावच्या चर्चचे प्रमुख एवढीच त्यांची ओळख नव्हती. १८३३ च्या जुलैमध्ये ऑक्सफर्डला त्यांनी केलेल्या प्रवचनापासून ऑक्सफर्ड चळवळ सुरू झाली असं मानलं जातं. चर्च म्हणजे सरकारचं एक खातं नव्हे, ते येशूच्या प्रेषितांपासून अखंड चालत आलेलं आहे, त्याचे विधी, उपास, सणवार पुन्हा गांभीर्याने पाळले पाहिजेत, हा त्या चळवळीचा आग्रह. कीबल यांनी यंगबाईंची दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं स्वतः पक्की करण्याच्या विधीची, तयारी १८३८ मध्ये करून घेतली, आणि पुढे त्यांच्या कादंबऱ्यांची हस्तलिखितंही कीबल यांच्या नजरेखालून जाऊ लागली. मुलीने लिहून छापावं का, यावर घरात रीतसर खल झाला होता. पैसा सत्कार्याला जाणार असेल तर हरकत नाही, असं ठरलं. त्याप्रमाणे पुढे त्यांच्या पुस्तकांच्या कमाईतून प्रशांत महासागरातल्या मेलनेशिया बेटांवरच्या मिशनला मोठी मदत गेली.

'मंथली पॅकेट' निघालं १८५१ च्या जानेवारीत. या मंडळींचे तेव्हा बरे दिवस नव्हते. चळवळीतला सर्वांत तेजस्वी माणूस, न्यूमन, १८४५ मध्येच रोमन कॅथलिक झाला होता. १८५० मध्ये पोपने इंग्लंडमध्ये आपल्या बिशपांची व्यवस्था नव्याने बसवली आणि देशभर एकच गदारोळ उठला. आपली हुशार मुलं एक तर रोमच्या वाटेला लागतील, नाहीतर श्रद्धाच सोडतील, ही धास्ती त्या अंकामागे आहे. मासिकाचं पूर्ण नाव लांबलचक आहे आणि त्यात 'इंग्लिश चर्चच्या तरुण सभासदांसाठी' हे शब्द सरळ छापलेले आहेत. मला हे आवडतं. आम्ही कोण, कुणासाठी लिहितो आणि तुम्हाला कुठे न्यायचा आमचा विचार आहे, हे दारावरच्या पाटीवर लिहिलेलं आहे. आत येणाऱ्याला फसवून घ्यायचा प्रश्नच नाही.

पहिल्या अंकातलं संपादकाचं पत्र मुळातून वाचण्यासारखं आहे. बालपण ओलांडलेल्या मुलींना उद्देशून ते लिहिलेलं आहे. शाळेचे दिवस संपल्याची हुरहुर असलेल्या, किंवा शिक्षणाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणजे आपलं आपण शिकणं, चालू असलेल्या मुली, असं त्यांचं वर्णन आहे. पंधरा ते पंचवीस या वयात माणूस आपला स्वभाव आपण घडवतो असं म्हणतात, त्या कामात या मासिकाची थोडी मदत व्हावी. वाट दाखवण्याचं काम अधिक गंभीर ग्रंथांचं, हे मासिक फुरसतीच्या वेळचा सोबती आहे, अशा आशयाची वाक्यं त्यात येतात. आपल्या चर्चच्या निष्ठावान आणि कर्तव्यदक्ष कन्या व्हा, ही इच्छाही तिथेच आहे, ती लपवलेली नाही. पण जिचं उच्च शिक्षण कुणाच्या गावीही नव्हतं त्या मुलीला १८५१ मध्ये कुणीतरी सांगतं आहे की तुझं शिक्षण संपलेलं नाही, खरं तर आता सुरू झालं आहे, आणि ते तुलाच करायचं आहे. निष्ठा मागणाऱ्या माणसाने हे सांगणं धोक्याचं असतं. यंगबाईंना तो धोका दिसला नसेल असं मला वाटत नाही. त्यांना धर्माची इतकी खात्री होती की विचार करणारी मुलगी शेवटी आपल्याच दारात येणार असं त्यांनी धरलं होतं.

आणि मजकूर? धर्मप्रश्नोत्तरीवर संवाद आहेत, पुष्कळ आहेत, आणि आजच्या वाचकाला ते जड जातील. पण त्यांच्या शेजारी 'कॅमिओज फ्रॉम इंग्लिश हिस्ट्री' ही इतिहासाची मालिका आहे, जी वर्षानुवर्षं चालली आणि पुढे पुस्तकरूपाने अनेक खंडांत आली. क्रमशः कादंबऱ्या आहेत, ज्यांत मोठ्या कुटुंबातली मुलं भांडतात, चुकतात, ग्रीक शिकतात. 'द डेझी चेन' या कादंबरीची सुरुवात इथेच झाली. तिच्यातली एथेल ही मुलगी भावाच्या बरोबरीने ग्रीक-लॅटिन करते आणि एका टप्प्यावर घरच्या कर्तव्यासाठी तिला ते सोडायला लावतात. कादंबरीकर्तीला तो त्याग योग्य वाटतो. वाचणाऱ्या मुलींना काय वाटलं असेल, हा वेगळा भाग.

खरी गोष्ट मात्र छापील पानांच्या बाहेर चालली होती. १८५९ च्या सुमारास काही मुलींनी, यंगबाईंच्या नात्यागोत्यातल्या आणि ओळखीतल्या, एक निबंधमंडळ काढलं. आपल्याला त्या 'गॉसलिंग्ज' म्हणवत, म्हणजे हंसिणीची पिल्लं. यंगबाई झाल्या 'मदर गूज'. दर महिन्याला प्रश्न निघायचे. इतिहासाचे, वाङ्मयाचे, धर्माचे, भाषेचे. मुली वडिलांच्या नाहीतर भावाच्या कपाटातली पुस्तकं उपसून उत्तरं लिहायच्या, उत्तरं टपालाने फिरायची, मदर गूज ती तपासायच्या आणि सगळ्यांत चांगलं कोणतं ते सांगायच्या. प्रत्येकीला टोपणनाव. कवी कोलरिज यांची नात ख्रिस्टबेल ही 'चेल्सी चायना'. या मुलींनी 'द बार्नॅकल' नावाचं एक हस्तलिखित मासिकही चालवलं, स्वतःच्या कथा, कविता, चित्रं घालून. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांतली हस्तलिखितं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा उद्योग परका वाटणार नाही. पुढे हाच खेळ 'मंथली पॅकेट'मध्ये शिरला. 'अ‍ॅरॅक्नी' या नावाने प्रश्न टाकले जायचे आणि उत्तरं पाठवणाऱ्या वाचक मुलींना 'स्पायडर्स', म्हणजे कोळी, म्हणायचे. खेड्यातल्या पाद्र्याच्या घरातली, लग्न ठरेपर्यंत भरतकाम करत बसलेली एखादी मुलगी महिन्यातून एकदा नेपल्सच्या इतिहासावर किंवा एखाद्या जुन्या कवीवर चार पानं लिहून पाठवते, आणि ती कुणीतरी गंभीरपणे वाचतं. ही गोष्ट त्या काळात किती दुर्मीळ होती हे लक्षात घ्या.

याच्या उलट टोकाला दुसरं एक मासिक ठेवून पाहू. यंगबाई वर्षभराच्या असताना, १८२४ मध्ये, विल्यम कॅरस विल्सन या इव्हँजेलिकल पंथाच्या अँग्लिकन धर्मगुरूने 'द चिल्ड्रन्स फ्रेंड' सुरू केलं. लहानशी पेनीची पुस्तिका, लाकूडठशाची चित्रं, आणि पानोपानी मरणारी मुलं. चांगलं मूल शांतपणे प्रार्थना म्हणत मरतं, वाईट मूल खोटं बोलून किंवा रविवारी खेळून अचानक मरतं. हेतूविषयी शंका घेण्याचं कारण नाही. पोराचा आत्मा वाचावा म्हणून हा माणूस खरोखर तळमळत होता. त्याच वर्षी त्याने कोवन ब्रिज इथे पाद्र्यांच्या मुलींसाठी शाळा काढली. मारिया आणि एलिझाबेथ ब्राँटे या बहिणी तिथून क्षयाने आजारी होऊन घरी आल्या आणि १८२५ मध्ये वारल्या. तिसरी बहीण शार्लट वाचली आणि तिने १८४७ मध्ये 'जेन एअर'मध्ये ब्रॉकलहर्स्ट नावाचा पाद्री उभा केला, तो याच गृहस्थावरून. हा ब्रॉकलहर्स्ट दहा वर्षांच्या जेनच्या हातात एक पुस्तिका ठेवतो, खोटारड्या मुलीच्या आकस्मिक मरणाची. त्याआधी तो तिला विचारतो, नरकात जायचं टाळायला काय करशील? जेन म्हणते, प्रकृती सांभाळीन आणि मरणारच नाही.

व्हिक्टोरियन धार्मिक बालवाङ्मयावर यापेक्षा नेमकी टीका मला माहीत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नकोच होतं. उत्तर आधीच छापून तयार होतं, मुलीने ते पाठ म्हणायचं होतं. कॅरस विल्सन आणि यंगबाई दोघंही एकाच चर्चचे, दोघंही उपदेशक, दोघांच्याही मनात नरक खरा होता. फरक आहे तो समोरच्या पोरीला डोकं आहे असं कोण धरून चालतं, यात.

इथे कुणी म्हणेल, तुम्ही यंगबाईंना फार सूट देता. खरं आहे, एक मोठी अडचण आहे आणि ती मला टाळायची नाही. 'मंथली पॅकेट'च्या आधीपासून, १८४२ पासून, मोझ्ली या प्रकाशकांचंच 'द मॅगझीन फॉर द यंग' निघत होतं. ते गावच्या शाळेतल्या मुलांसाठी, म्हणजे शेतमजुरांच्या, मोलकरणींच्या मुलांसाठी. यंगबाई त्यातही लिहीत. त्यांची लँग्ली गावच्या शाळेची गोष्टमाला तिथलीच. गोष्टी गोड आहेत, माणसं जिवंत आहेत. पण तिथल्या मुलीने आपलं आपण शिकावं, इतिहासावर चार पानं लिहावीत, अशी अपेक्षा नाही. तिने खरं बोलावं, टापटीप राहावं, मालकिणीचा शब्द पाळावा. हातही तोच, प्रकाशकही तोच, धर्मही तोच. वर्ग बदलला की मागणी बदलते. ज्या मुलीने प्रश्न विचारायचे ती एका मासिकाची वाचक, आणि जिने ऐकायचं ती दुसऱ्याची. ख्रिस्ताच्या समोर सगळे सारखे, हे दोन्हीकडे छापलेलं होतं.

बरं, वरच्या वर्गातल्या मुलींनाही त्यांनी दार सताड उघडून दिलं असं नाही. एमिली डेव्हिस यांनी १८६८ मध्ये मुलींच्या कॉलेजसाठी पाठिंबा मागितला, तेव्हा यंगबाईंनी नकार दिला. मुलींना मोठ्या संख्येने एकत्र आणणंच त्यांना पसंत नव्हतं. घरी, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली शिकावं, हे त्यांचं मत. त्या कॉलेजचं पुढे गर्टन झालं. पण मग ऑक्सफर्डमध्ये १८७९ मध्ये लेडी मार्गारेट हॉल उघडलं, तेही चर्चच्या छायेतच, तेव्हा त्याच्या पहिल्या प्राचार्य एलिझाबेथ वर्ड्स्वर्थ यंगबाईंच्या मैत्रीण. १८८६ मधल्या सेंट ह्यूजच्या पहिल्या प्राचार्य अ‍ॅन मोबर्ली यंगबाईंच्या अगदी घरोब्याच्या कुटुंबातल्या. आणि १८९९ मध्ये विंचेस्टरच्या मुलींच्या हायस्कुलात यंगबाईंच्या सन्मानार्थ शिष्यवृत्ती ठेवली गेली, ती मुलींना विद्यापीठात पाठवण्यासाठी. त्यांनी ती स्वीकारली. मासिक त्याच वर्षी बंद पडलं. तोवर मुलींना वाचायला पेनीची साप्ताहिकं मुबलक झाली होती, आणि धर्मप्रश्नोत्तरी कुणाला नको होती.

मधल्या काळातल्या इतर मासिकांचा फार पसारा मांडत नाही. वृत्तपत्रांवरचा स्टँप कर १८५५ मध्ये आणि कागदावरचा कर १८६१ मध्ये गेला, त्यानंतर स्वस्त मासिकांचं पीकच आलं. पाद्री अर्स्किन क्लार्क यांनी १८६६ मध्ये 'चॅटरबॉक्स' काढलं, अर्ध्या पेनीचं, पोरांच्या हातातली खूनमारामारीची पुस्तकं सुटावीत म्हणून. त्याच वर्षी यॉर्कशरमधल्या एकल्सफील्डच्या व्हिकारच्या पत्नी मार्गारेट गॅटी यांनी 'आँट ज्युडीज मॅगझीन' सुरू केलं. या बाई सागरी शेवाळांच्या अभ्यासक होत्या, ब्रिटनच्या शेवाळांवर त्यांचा भक्कम ग्रंथ आहे, आणि डार्विन त्यांना अजिबात मान्य नव्हता. या मासिकाच्या बालवाचकांनी पैसे जमवून लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या इस्पितळात एक खाट चालवली. देणाऱ्यांच्या याद्या मासिकात छापल्या जात. मासिकाला जिच्या लाडक्या नावावरून नाव पडलं ती गॅटीबाईंची मुलगी ज्युलियाना यूइंग. तिची 'द ब्राउनीज' ही गोष्ट १८६५ मध्ये आली, 'मंथली पॅकेट'मध्येच. बेडन-पॉवेलने गर्ल गाइड्समधल्या छोट्या मुलींना नाव दिलं ते त्या गोष्टीवरून. आपल्या शाळांतल्या बुलबुल या त्यांच्याच भारतातल्या बहिणी.

आता दयाळू मासिकांकडे. चर्च मिशनरी सोसायटीचं 'चर्च मिशनरी ज्युव्हेनाइल इन्स्ट्रक्टर' १८४२ पासून इंग्लंडमधल्या मुलांसाठी निघत होतं. दूरदेशींच्या मिशनची हकिकत सांगायची, तिथल्या मुलांबद्दल कळवळा उत्पन्न करायचा आणि घरातल्या मिशनच्या पेटीत पेनी पडेल असं पाहायचं, हे अशा मासिकांचं काम. भारत त्यांचा हक्काचा विषय. मूर्ती, रथ, बालविधवा, अंधार. या मजकुरात रागाचा किंवा धाकाचा लवलेश नाही, सगळी करुणाच आहे, आणि तरीही कसोटीला ती सपशेल नापास होतात. इंग्लंडमधल्या मुलाला काम काय, तर पैसे देणं. आणि ज्याच्यासाठी पैसे द्यायचे ते मूल पानावर फक्त दिसतं, बोलत नाही. बोललंच तर आभार मानतं. आपल्याविषयी काय छापलं आहे हे ते मूल कधी वाचेल, ही शक्यता लिहिणाऱ्याच्या मनातच नव्हती.

पण अशी मुलं वाचायला लागली, लिहायलाही लागली. नाशिकजवळ शरणपूरला याच सोसायटीचं ठाणं होतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे आणून शिकवत. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला, त्याचा मृतदेह घेऊन इंग्लंडला गेला आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या अंत्यविधीला हजर होता. त्याने त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली. नाशिकात गिरवलेल्या इंग्रजीत.

आणि मग पंडिता रमाबाई. वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या सिस्टर १८७७ पासून पुण्यात होत्या. पंचहौद मिशनशी त्यांचा जवळचा संबंध. तेच पंचहौद, जिथला चहा १८९० मध्ये टिळक-रानड्यांच्या अंगाशी आला. हा संघ कीबल यांच्याच वळणाचा, आणि स्वतः यंगबाई या संघाच्या बाहेर राहणाऱ्या सभासद भगिनी. म्हणजे 'मंथली पॅकेट' ज्या घरांत वाचलं जाई त्याच घरात रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन उतरल्या. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये डोरोथिया बील यांच्याकडे शिकल्या आणि शिकवलंही. या दोन-तीन वर्षांतला त्यांचा वाँटेजच्या संघातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला तो सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे.

संस्कृत शास्त्रं कोळून प्यालेली ही बाई चर्चच्या प्रश्नोत्तरीला खरोखरच प्रश्न विचारायला लागली. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा, सिद्धान्त बायबलमध्ये नेमका कुठे आहे? अथनेशियसचा मतांगिकार, ती श्रद्धेची ठरीव कबुली, मी का म्हणावा? क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, माझ्या देशात लॅटिन कुणाला कळतं? पुरुष विद्यार्थ्यांना तिने शिकवावं का, यावर लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा ती उसळली. भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मी महत्प्रयासाने झुगारलं आहे, तसलंच दुसरं मानेवर घेण्याची माझी इच्छा नाही. मला विवेक आहे, बुद्धी आहे, माझा निर्णय मी घेईन, असं तिने सिस्टर जेराल्डीनना स्पष्ट लिहिलं. सिस्टर दुखावल्या. त्यांना यात गर्व दिसला. बीलबाई मात्र थांबून विचार करताना दिसतात. तिला आपल्या पद्धतीने पोहोचू द्या, असा त्यांचा सूर आहे. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या.

सिस्टर जेराल्डीन वाईट नव्हत्या. मनोरमेवर त्यांनी आईसारखी माया केली. पण इंग्लिश पाद्र्याच्या मुलीने प्रश्न विचारला तर ती हुशार, आणि भारतातून आलेल्या बाईने तोच विचारला तर ती उद्धट, हा हिशेब त्यांना शिकवलेला होता. मिशनच्या मासिकांनी दोन पिढ्या हेच शिकवलं होतं. पेटीत पेनी टाकत मोठं झालेल्या माणसाला उलट प्रश्न ऐकायची सवय कुठून लागणार?

मराठीत मुलांचं मासिक आलं तेही मिशनच्या हातून. अमेरिकन मराठी मिशनचं 'बालबोधमेवा' १८७० च्या दशकात सुरू झालं. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांनी 'बालबोध' काढलं आणि १९१४ मध्ये वारेपर्यंत जवळपास एकहाती चालवलं. चरित्रं, कविता, निबंध, शास्त्रीय विषय. ओक पाद्री नव्हते, पण मुलाने नीतिमान व्हावं ही त्यांची तळमळ कुठल्याही पाद्र्याहून कमी नव्हती. त्या परंपरेची टिंगल करण्याची आपल्याला सवय आहे, आणि ती मला कृतघ्नपणाची वाटते. ज्या काळात मुलाच्या हातात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद पडत नव्हता, त्या काळात 'बालबोध'ने त्याला सूर्यग्रहणही समजावलं आणि लिंकनसारख्यांची चरित्रं वाचायची गोडीही लावली.

म्हणूनच आज शाळेचं ग्रंथालय, सार्वजनिक वाचनालय किंवा पालक मुलांसाठी मासिक, पुस्तकांचा संच, अ‍ॅप विकत घेताना 'यात संस्कार आहेत का' किंवा 'यात धर्म घुसवलेला नाही ना' असं विचारतात, तेव्हा दोन्ही प्रश्न मला अपुरे वाटतात. रामाची गोष्ट सांगणाऱ्या मासिकाला माझा विरोध नाही, येशूची किंवा पैगंबरांची सांगणाऱ्यालाही नाही, आणि विवेकवादाची सांगणाऱ्याला तर नाहीच. पाटी दारावर लावा, एवढं पहिलं. मग मला शेवटची पानं दाखवा. मुलांनी पाठवलेलं काही छापलं आहे का? छापलं असेल तर त्यात फक्त 'मासिक खूप आवडलं' आहे, की कुणी 'रामाने हे बरोबर केलं का' असंही विचारलं आहे? आणि विचारलं असेल तर संपादकाने उत्तर दिलं आहे, की समज दिली आहे? सरकारी खरेदीच्या समित्या पानांची संख्या, छपाई, भाषाशुद्धी असं बरंच काही तपासतात. हेही तपासायला काही अवघड नाही.

यावर धार्मिक संस्थांचा आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. पोरांना उत्तर देऊ दिलं तर पोरं हातची जातात. मेरी अर्नल्ड हिची पहिली छापील गोष्ट १८७० मध्ये 'द चर्चमन्स कंपॅनियन' या ऑक्सफर्ड चळवळीच्या वळणाच्या मासिकात आली. पुढे मिसेस हम्फ्री वॉर्ड म्हणून तिने १८८८ मध्ये 'रॉबर्ट एल्समिअर' लिहिली. श्रद्धा गमावून चर्च सोडणाऱ्या पाद्र्याची ती कादंबरी इतकी गाजली की माजी पंतप्रधान ग्लॅडस्टनला तिच्या खंडनासाठी लांबलचक लेख लिहावा लागला. म्हणजे चर्चने हात धरून लिहायला शिकवलं आणि तिने चर्चच्याच पायावर घाव घातला. पण थांबा. याच बाईने ऑक्सफर्डमध्ये मुलींचं सॉमरव्हिल कॉलेज उभं करायला कष्ट घेतले, आणि १९०८ मध्ये स्त्रियांना मताधिकार देऊ नये म्हणून निघालेल्या स्त्रियांच्याच संघटनेचं नेतृत्वही केलं. हंसिणीच्या पिल्लांतली ख्रिस्टबेल कोलरिज मात्र चर्चमध्येच राहिली, मासिकाच्या संपादनात यंगबाईंच्या जोडीला आली आणि १९०३ मध्ये त्यांचं चरित्र लिहिती झाली.